लॉस उतरला तरी उत्तर चुकतं ते का? वितरिकेच्या प्रवाहासाठी पिन वापरताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या एका १२ किलोमीटरच्या वितरिकेत, म्हणजे कालव्याच्या फाट्यात, पाणी कुठे मुरतं, कुठे उचललं जातं आणि टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, किती पोचतं हे एम.टेक.च्या प्रबंधात मांडायचं आहे. वितरिकेवर तीन गेज, म्हणजे पाण्याची खोली वाचायच्या पट्ट्या, आहेत. गाइडनी फिजिक्स-इन्फॉर्म्ड न्यूरल नेटवर्क, म्हणजे भौतिकशास्त्राची समीकरणं पाळायला शिकवलेलं नेटवर्क, थोडक्यात पिन, वापरायला सांगितलं आहे. सरावासाठी सिलिंडरभोवतीचा प्रवाह करून पाहिला, तर लॉस, म्हणजे नेटवर्कच्या चुकीचा एकूण आकडा, दहाच्या उणे पाचव्या घातापर्यंत उतरला पण मागे भोवरे काही सुटले नाहीत. कालव्यावर करून पाहिलं तर तिथेही लॉस तेवढाच छान आणि उत्तर मात्र सपाट: वरच्या गेटला पाणी वाढवलं तरी खाली पत्ताच नाही. आता ट्रेनिंग वाढवावं की पिनचा नाद सोडावा?

ट्रेनिंग वाढवून काही होणार नाही. नाद सोडायचा की नाही हे मात्र तुम्ही पिनला काय विचारताय यावर ठरेल. समीकरण पूर्ण माहीत आहे, सीमेवरच्या अटी माहीत आहेत आणि फक्त उत्तर काढायचं आहे, अशा कामात पिन नेहमीच्या सॉल्व्हरपुढे, म्हणजे समीकरणं आकडेमोडीने सोडवणाऱ्या प्रोग्रॅमपुढे, टिकत नाही. समीकरणातलीच एखादी गोष्ट माहीत नाही, पण थोडीफार मोजमापं हातात आहेत, अशा उलट्या प्रश्नात त्याचा उपयोग आहे. तुमचा कालव्याचा प्रश्न दुसऱ्या जातीचा आहे. तिथेही तुमच्या मोजमापांत जे नाही ते नेटवर्क कुठूनही आणणार नाही, आणि माझा बराचसा रोख त्यावरच आहे.

आधी सिलिंडरचं. तुमच्या कोडमध्ये बहुधा काही बिघडलेलं नाही. रेनॉल्ड्स संख्या (प्रवाहाचा जोर त्याच्या चिकटपणाच्या किती पट हे सांगणारा आकडा) साधारण ४७ च्या वर गेली की सिलिंडरमागचा स्थिर, दोन्ही बाजूंना सारखा असलेला प्रवाह टिकत नाही आणि आळीपाळीने भोवरे सुटू लागतात. पण टिकत नाही म्हणजे समीकरणात बसत नाही असं नव्हे. तो स्थिर प्रवाहही नेव्हियर-स्टोक्स समीकरणांचं, म्हणजे द्रवाच्या प्रवाहाच्या मूळ समीकरणांचं, खरंखुरं उत्तर आहे, फक्त अस्थिर आहे. नेहमीचा सॉल्व्हर काळात एकेक पाऊल टाकत जातो, आकडेमोडीतली बारीकशी गडबड त्यात शिरते, पावलागणिक वाढते आणि शेवटी भोवरे सुटतात. पिनमध्ये अशी पावलं नाहीत. ते सगळी जागा आणि सगळा काळ एकदम समोर घेतं आणि विचारतं, इथे समीकरण किती चुकतंय? अस्थिर उत्तराची चूकही शून्यच. सोपं, गुळगुळीत उत्तर सापडल्यावर नेटवर्क भोवऱ्यांच्या भानगडीत पडेल कशाला?

चुआंग आणि लोरेना बार्बा यांनी २०२२ मध्ये हाच अनुभव मांडला. रेनॉल्ड्स २०० च्या सिलिंडरवर त्यांचं पिन स्थिर प्रवाहाच्या सॉल्व्हरसारखं वागलं, भोवरे आलेच नाहीत. त्याच लेखात टेलर-ग्रीन भोवऱ्याचं उदाहरण आहे. १६ गुणिले १६ च्या जाळीवरचा साधा फायनाइट डिफरन्सचा, म्हणजे नेहमीच्या सॉल्व्हरच्या पद्धतीचा, हिशोब २० सेकंदांच्या आत होतो. तेवढीच अचूकता गाठायला पिनला सुमारे ३२ तास ट्रेनिंग लागलं. तुमच्या गाइडना हा आकडा जरूर दाखवा, भांडायला म्हणून नव्हे, प्रबंधाचा रोख वेळीच ठरावा म्हणून.

आता याच्या उलट बाजूचं उदाहरण. न्यूरल नेटवर्कने समीकरण सोडवायची कल्पना जुनीच, १९९४ चा डिसानायके आणि फान-थियन यांचा लेख आणि १९९८ चा लागारिस आणि सहकाऱ्यांचा लेख तुम्हाला सापडेल. ती गाजली २०१९ मध्ये, रायसी, पेर्दिकारिस आणि कार्नियाडाकिस यांच्या लेखामुळे. त्यातही सिलिंडर आहे, रेनॉल्ड्स १०० चा. पण तिथे सिलिंडरमागच्या पट्ट्यात विखुरलेल्या ५००० बिंदूंवरचे वेग नेटवर्कला दिलेले होते आणि विचारलं होतं ते समीकरणातले दोन गुणांक आणि दाब. गुणांक बरोबर निघाले. दाबाचं एकही मोजमाप न देता दाबाचा पूर्ण नकाशा मिळाला, एका स्थिरांकाचा फरक सोडला तर. पुढे २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या रायसी, याझदानी आणि कार्नियाडाकिस यांच्या कामात प्रवाहात मिसळलेल्या रंगाच्या पसरण्यावरून वेग आणि दाब काढून दाखवले. सिलिंडर तोच, यंत्रही तेच. बदलला तो प्रश्न.

म्हणून सिलिंडर तिथेच सोडा आणि वितरिकेकडे या.

इथे नेव्हियर-स्टोक्स नको. एका दिशेने वाहणाऱ्या उथळ पाण्याला सेंट-व्हेनंटची १८७१ ची दोन समीकरणं पुरतात. पहिलं पाण्याच्या हिशोबाचं: एखाद्या तुकड्यात जेवढं आलं, त्यातून पुढे गेलेलं आणि बाजूने निघून गेलेलं वजा केलं की उरेल तेवढी साठवण वाढते. दुसरं बलांचं: पाण्याचा वेग बदलतो तो तळाचा उतार, पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार आणि घर्षण यांच्या ओढाताणीतून. घर्षणासाठी मॅनिंगचा गुणांक, म्हणजे कालव्याच्या खडबडीतपणाचा आकडा, घ्या. नेटवर्कला अंतर आणि वेळ द्यायची, त्याच्याकडून खोली आणि वेग घ्यायचे, ऑटोमॅटिक डिफरन्सिएशनने त्यांचे विकलज काढून समीकरणात घालायचे आणि जे उरेल त्या रेसिड्युअलचा वर्ग लॉसमध्ये. गेजची खोली न जुळण्याचा वर्गही त्याच लॉसमध्ये.

तुमचं सपाट उत्तर इथेच जन्माला येतं. आकडे घालून बघू. तळरुंदी ३ मीटर, बाजूंचा उतार दीडास एक, तळाचा उतार ५००० ला १, मॅनिंगचा गुणांक ०.०२ आणि पाण्याची खोली १.२ मीटर धरा. पाण्याखालचं क्षेत्रफळ ५.७६ चौरस मीटर येतं, वेग सेकंदाला ०.६ मीटर आणि विसर्ग सुमारे ३.५ घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे १२० क्युसेकच्या आसपास. मध्यम वितरिकेचे हे आकडे आहेत. तुमचे थोडे वेगळे असतील.

आता गेट उचललं आणि दोन तासांत खोली ०.८ वरून १.२ मीटर झाली असं समजा. बलाच्या समीकरणात सगळ्यात मोठी पदं दोन: गुरुत्वाकर्षण गुणिले तळाचा उतार, म्हणजे ९.८१ गुणिले ०.०००२, सुमारे ०.००२; आणि त्याच्या विरुद्ध जवळपास तेवढंच घर्षण. तुम्ही मीटर-सेकंदात, वेगाच्या स्वरूपात समीकरण लिहिलं असेल, तर घर्षण पूर्णपणे विसरलं तरी रेसिड्युअलचा वर्ग जेमतेम ०.०००००४ येतो. तुमचा ०.००००१ चा लॉस याच्याही वर आहे! थोडक्यात, कालव्याला घर्षणच नाही असं मानणारं नेटवर्कही तुमच्या 'झकास' लॉसमध्ये आरामात बसतं.

पाण्याच्या हिशोबाचं तर आणखी वाईट. खोली ७२०० सेकंदांत ०.४ मीटर वाढते, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.००००५६ मीटर. ही लाट सबंध गाळली तर दंड किती? या आकड्याचा वर्ग, म्हणजे एकाचे कोट्यवधी भाग केले तर त्यातलाही तुकडा: ०.००००००००३. उलट गेजवरची खोली १ सेंटिमीटरने चुकली तर वर्ग ०.०००१. दोघांत तीस हजार पटींहून जास्त फरक. तराजूच्या एका पारड्यात पोतं आणि दुसऱ्यात लवंग ठेवून वजन बघितल्यासारखं झालं हे. नेटवर्कने तीन गेजच्या बिंदूंपाशी आकडे जुळवले आणि मधल्या सगळ्या कालव्यात भौतिकशास्त्राला रजा दिली.

उपाय साधा आहे, आणि कुठल्याही नव्या अल्गोरिदमच्या आधी तोच करायचा: समीकरणं एककमुक्त करा. खोलीला १.२ ने, वेगाला ०.६ ने भागा. लाटेचा वेग काढा. समलंब छेदात तो पाण्याच्या वेगाच्या दीडपटीहून थोडा कमी, इथे सेकंदाला सुमारे ०.८३ मीटर. दोन तासांत लाट ६ किलोमीटर जाते, तर अंतराचं माप ६ किलोमीटर आणि वेळेचं दोन तास. बलाचं समीकरण गुरुत्वाकर्षण गुणिले उतार या ०.००२ ने भागा. आता प्रत्येक पद एकाच्या आसपास किंवा त्याहून लहान येईल आणि कोणतं खरंच लहान आहे तेही दिसेल. पृष्ठभागाच्या उताराचं पद तळाच्या उताराचा तिसरा हिस्सा निघतं, म्हणजे सोडता येणार नाही. वेगबदलाची दोन्ही पदं मिळून शंभरात एखादा टक्का. ती खुशाल सोडा. उरलेल्या सोप्या रूपाला डिफ्युजिव्ह वेव्ह म्हणतात. गेट पटकन उघडणं-बंद करणं किंवा उसळी नसेल तर तुमच्या कामाला ते पुरेसं आहे, आणि ट्रेनिंगचा निम्मा त्रास तिथेच संपतो.

हे केल्यावरही सपाट उत्तर येऊ शकतं, कारण एकसारखा प्रवाह सेंट-व्हेनंटमध्ये सगळीकडे बसतो. खरी माहिती वरच्या गेटवरून आत येते आणि ती लाटेबरोबर पुढे सरकली पाहिजे. नेटवर्कने खालचा भाग आधी सपाट करून टाकला की मग लाटेला आत यायला वाव राहत नाही. कृष्णप्रियन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अगदी साध्या, नुसत्या सरकणाऱ्या लाटेच्या समीकरणावर पिन असंच फसतं हे दाखवलंय. यावर दोन गोष्टी चालतात. वरच्या गेटची अट लॉसमध्ये न टाकता नेटवर्कच्या रचनेतच बसवा, म्हणजे शून्य अंतराला खोली आपोआप गेजइतकीच येईल. आणि काळाचे तुकडे करा: पहिले सहा तास आधी शिकवा, ते जमल्याशिवाय पुढच्या सहा तासांकडे जाऊ नका. वांग, शंकरन आणि पेर्दिकारिस यांनी हेच वजनांच्या रूपात मांडलंय; आधीच्या काळातली चूक कमी झाल्याशिवाय नंतरच्या काळाला वजनच मिळत नाही.

इथपर्यंत सगळं तंत्राचं. खरा पेच पुढे आहे, आणि तो नेटवर्कचा नाही.

तुम्हाला मॅनिंगचा गुणांकही काढायचाय आणि गळतीही. गेज फक्त खोली सांगतात. प्रवाह स्थिर असताना ठराविक खोलीला गुणांक आणि विसर्ग यांचा गुणाकारच ठरतो, दोन्ही वेगवेगळे ठरत नाहीत. गुणांक ०.०२० ऐवजी ०.०२१ धरला, म्हणजे ५ टक्के वाढवला, आणि विसर्ग ५ टक्के कमी केला तर गेजवर तीच खोली दिसेल. १२० क्युसेकचे ५ टक्के म्हणजे ६ क्युसेक. वितरिकेत थोडं गवत वाढलंय की डोंगळे, म्हणजे चोरून पाणी ओढायचे पाइप, टाकून कुणी ६ क्युसेक पाणी ओढलंय, हे खालच्या गेजला सांगता येत नाही. दहा थर टाका, शंभर न्यूरॉन टाका, पिन तुम्हाला एक आकडा नक्की देईल. दुसऱ्या रँडम सीडने, म्हणजे ट्रेनिंगची सुरुवात वेगळ्या यादृच्छिक आकड्यांपासून करून, चालवलं तर दुसरा देईल. म्हणून माझ्याकडे कुणी पिनने काढलेला गुणांक घेऊन आलं की मी पहिल्यांदा निरनिराळ्या सीडचे निकाल शेजारी-शेजारी मागतो.

ही गाठ सोडवायचे दोन मार्ग. एक, टेलकडे एकदा तरी विसर्ग प्रत्यक्ष मोजा. पाण्याचा वेग मोजणारं करंट मीटर मिळालं तर उत्तम, नाहीतर जवळपास चालू स्थितीतला स्टँडिंग वेव्ह फ्लूम, म्हणजे विसर्ग मोजायचं कालव्यातलं बांधकाम, शोधा. एका चांगल्या विसर्ग-मोजणीने जे होतं ते आठवडाभराच्या ट्रेनिंगने होत नाही. दुसरा, लाटेला लागलेला वेळ बघा. १२ किलोमीटरला ०.८३ च्या वेगाने चार तास लागतात. गुणांक ५ टक्के वाढला तर लाट सुमारे १२ मिनिटं उशिरा पोचेल. गवताने लाट उशिरा येते. चोरीने ती तेवढी उशिरा येत नाही, पण पाणी कमी येतं. फरक कळतो, पण कळायला गेजवाचन पाच-दहा मिनिटांचं हवं. सकाळी आठ आणि दुपारी चारच्या नोंदवहीतून १२ मिनिटं दिसत नाहीत. तुम्ही पाठवलेली नोंद दिवसातून दोनदाची आहे. तिच्यावर दोन्ही गोष्टी वेगळ्या काढायचा प्रयत्न करू नका. गुणांक छेद बघून ठरवून टाका आणि फक्त गळती काढा, किंवा आवर्तनातल्या एका गेट-बदलाच्या दिवशी तिन्ही गेजवर माणूस बसवा. पाटकऱ्यांशी आधी बोलून ठेवलंत तर गेट कधी हलणार हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

आता 'कुठे' हा प्रश्न. गळती अंतरानुसार बदलणारी धरून तिच्यासाठी वेगळं छोटं नेटवर्क लावायचं, ही तुमची कल्पना पुस्तकात शोभते. तीन गेज म्हणजे मधले दोन तुकडे. प्रत्येक तुकड्यातून तुम्हाला मुळात एकच भरवशाचा आकडा मिळतो: या तुकड्यात एकूण किती गेलं. त्या तुकड्याच्या आत जी वळणदार रेघ दिसेल, सातव्या किलोमीटरला टेकाड आणि नवव्याला खळगा, ती कालव्याची नसून नेटवर्कच्या गुळगुळीतपणाच्या आवडीची असेल. हे मी जरा कडक लिहितोय, कारण असा आलेख छापला की त्याचा पुरावा होतो. टेलच्या गावांना पाणी पोचत नाही आणि हेडच्या उसाला पोचतं, हे भांडण आपल्याकडे जुनं आहे. तुमच्या टेकाडाखाली कुणाचं तरी शेत असणार. दोन तुकड्यांचे दोन आकडे द्या, प्रत्येकाची वर-खालची मर्यादा द्या. त्याहून बारीक हवं असेल तर गेज वाढवा.

कोरड्या कालव्यात पाणी सुटतं तेव्हाचा भाग पिनला देऊ नका. बंद राहिलेल्या, अस्तरीकरण नसलेल्या वितरिकेत काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात, पहिलं पाणी त्यातच जिरतं, आणि जिरण्याचा दर तासातासाला बदलतो. शिवाय पाण्याच्या टोकाला खोली शून्य होते आणि मॅनिंगचं घर्षण खोली कमी होताना भडकतं, म्हणून ग्रेडियंट फुटतो. वितरिका भरून एक-दोन दिवस झाल्यावरचा काळ घ्या. खोली ऋण होऊ नये म्हणून शेवटच्या थराला सॉफ्टप्लस हे उत्तर कायम धन ठेवणारं फंक्शन लावा, तेवढं पुरे.

मध्ये क्रॉस रेग्युलेटर (कालव्यावरचं आडवं गेट) किंवा फॉल (तळाची पायरी) असेल तर एकच नेटवर्क त्यावरून ओढू नका. पाण्याची पातळी तिथे तुटते. गुळगुळीत नेटवर्क ती पायरी घासून टाकतं आणि ती चूक दोन्हीकडे किलोमीटरभर पसरते. वर एक नेटवर्क, खाली एक, आणि मध्ये त्या बांधकामाचं विसर्गाचं सूत्र.

ट्रेनिंगबद्दल भराभर सांगतो. ॲक्टिव्हेशन, म्हणजे प्रत्येक न्यूरॉनवरचं फंक्शन, टॅन-एच घ्या, रेलू नको. रेलूचा दुसरा विकलज शून्य असतो आणि डिफ्युजिव्ह वेव्हची दोन समीकरणं एकत्र केली की दुसरा विकलज लागतोच. पाच-सहा थर, प्रत्येकी पन्नास-साठ न्यूरॉन, बस. ऑप्टिमायझर, म्हणजे लॉस उतरवायची पद्धत, आधी ॲडम, मग एल-बीएफजीएस. आणि दुसऱ्या टप्प्यात डबल प्रिसिजन वापरा, नाहीतर तो मध्येच थांबतो आणि तुम्हाला वाटतं की ट्रेनिंग पूर्ण झालं. लॉसच्या प्रत्येक भागाचा आलेख वेगळा काढा, बेरजेचा आलेख काहीच सांगत नाही. डीपएक्सडीई या पिनच्या तयार लायब्ररीवर सुरुवात सोपी जाते, पण प्रबंधासाठी दोन-तीनशे ओळींचा स्वतःचा पायटॉर्च कोड लिहिलात तर तोंडी परीक्षेत कुणी अडवणार नाही. जीपीयूची चिंता करू नका, एवढ्याशा नेटवर्कला गूगलचं ऑनलाइन कोलॅब पुरतं. घरच्या मशिनवर चालवत असाल आणि लाईटचा भरवसा नसेल तर चेकपॉइंट, म्हणजे ट्रेनिंगच्या मधल्या टप्प्यांच्या जतन केलेल्या प्रती, ठेवा, आणि त्यात ऑप्टिमायझरची स्थितीही ठेवा, नुसती वजनं नव्हे.

खऱ्या नोंदींना हात लावायच्या आधी एक खोटी वितरिका तयार करा. हेक-रास हे नद्या-कालव्यांच्या प्रवाहाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात हाच छेद, हाच उतार घाला, दुसऱ्या तुकड्यात ६ क्युसेकची गळती लपवा, तीन ठिकाणची खोली बाहेर काढा, तिच्यात १ सेंटिमीटरचा गोंधळ मिसळा आणि पिनला द्या. गळती सापडली का? गोंधळ ३ सेंटिमीटर केला तर? वाचन दिवसातून दोनदा केलं तर? ही तीन उत्तरं म्हणजे तुमच्या प्रबंधाचं अर्धं प्रकरण आहे, आणि मला विचाराल तर जास्त उपयोगी अर्धं. आणखी सरावच हवा असेल तर सिलिंडरपेक्षा कोव्हाझ्नायचा प्रवाह घ्या, त्याचं सूत्रातलं अचूक उत्तर १९४८ पासून हाताशी आहे. किंवा झाकण सरकणाऱ्या चौकोनी खोक्यातला प्रवाह, ज्याचे घिया, घिया आणि शिन यांचे १९८२ चे तक्ते जगभर ताडून बघायला वापरतात.

दुसरी गोष्ट तुमच्या गाइडना आवडणार नाही कदाचित. तुमचे अज्ञात तीन: एक गुणांक आणि दोन तुकड्यांची गळती. यासाठी प्राइसमनच्या पद्धतीचा साधा सॉल्व्हर आणि त्याभोवती लेव्हेनबर्ग-मार्क्वार्ट, म्हणजे मोजमापांशी जुळेपर्यंत अज्ञात बदलत नेणारी पद्धत, लावली तर लॅपटॉपवर मिनिटांत उत्तर येतं. ते करा, आणि पिनच्या शेजारी ठेवा. मॅकग्रीव्ही आणि हकीम यांनी २०२४ मध्ये प्रवाहाशी संबंधित समीकरणांवर मशिन लर्निंग जुन्या पद्धतींपेक्षा वेगवान असल्याचं सांगणारे ७६ लेख तपासले, तर ६० लेखांत तुलना कमकुवत जुन्या पद्धतीशी केलेली निघाली. तुमच्या प्रबंधाला त्या यादीत जायचं कारण नाही. पिन इथे कदाचित हरेल. गळती वेळेनुसार बदलते, रात्री मोटारी चालू आणि दिवसा बंद, असं धरलंत की अज्ञात वाढतात आणि मग पिनची बाजू थोडी वर येते. तेही गेज पुरेसे असतील तर. हरलं तरी का हरलं हे आकड्यांनिशी लिहिलेला प्रबंध मी तरी आनंदाने पास करेन.

जाता जाता, तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल: छत्रपती संभाजीनगरच्या नहर-ए-अंबरी या जुन्या भूमिगत पाणीयोजनेवर पुढे पिन लावता येईल का? मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला केलेलं ते काम अभ्यासण्याजोगं आहे यात वाद नाही. पण मातीच्या नळातून भरून वाहणाऱ्या पाण्याला डार्सी-वाइसबाखचं नळातल्या घर्षणाचं सूत्र आणि एक कागद पुरतो. तिथे खरं काम सर्वेक्षणाचं आहे: नळ कुठून जातो, कुठे फुटलाय, कुठे बुजलाय.

आणि सर्वेक्षणावरून आठवलं, तुमच्या वितरिकेवरही तेच आधी करा. तुमच्या छेदात खोली १ सेंटिमीटरने बदलली की विसर्ग सुमारे २ क्युसेकने बदलतो. गेजची पट्टी रंगवताना शून्य ३ सेंटिमीटर वर-खाली झालं असेल, किंवा पट्टीच्या पायथ्याशी तेवढा गाळ साचला असेल, तर तुम्ही शोधताय ती सगळी ६ क्युसेकची गळती त्या पट्टीतच आहे. कालवा बंद असतानाच्या दिवसांत लेव्हल घेऊन तिन्ही पट्ट्यांचं शून्य आणि त्या ठिकाणचा तळ एकाच बेंचमार्कवरून, म्हणजे उंची माहीत असलेल्या एकाच खुणेवरून, बांधून घ्या. पुढचं आवर्तन सुटायच्या आत हे झालं पाहिजे, एकदा पाणी आलं की तळ दिसत नाही.